तू बिश्वातला झाडांवर बोलायचे आहे, पण 'झाडे लावा, झाडे जगवा' नको

मुळंबा (धागाकर्ता)

यहुदी शेवात महिन्याची 15 तारीख, म्हणजे तू बिश्वात हे झाडांचे नवे वर्ष, 2027 मध्ये 23 जानेवारीला येते आहे. वार शनिवार. म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तानंतर सण लागणार आणि फळांचे ताट शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतिदिवसाच्या) टेबलावरच मांडावे लागणार. मंडळी तीसेक, आजीपासून नातवापर्यंत. बोलायला अर्धा तास.

तीन गोष्टी हव्यात. एक, झाडाकडून घ्यायचा असा धडा ज्याला तोरा-तल्मूदचा (यहुदी धर्मग्रंथ आणि त्यावरच्या चर्चांचा) आधार आहे. 'झाड देते, मागत नाही' छापाचे नको, ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येते. दोन, ताट कसे लावायचे, कोणत्या फळाला कोणती ब्राखा (खाण्याआधीचा आशीर्वाद). तीन, मलिद्याचे (आपल्या गोड पोह्यांच्या प्रसादाचे) या सगळ्यात काय करायचे. जाणकारांनी कृपया तपशिलात लिहावे.

---

तळटीप

सुरुवात तारखेपासून करा, कारण खरा धडा तिथेच आहे आणि तोच सगळे वगळतात.

मिश्नाच्या (तल्मूदचा गाभा असलेल्या नियमसंग्रहाच्या) रोश हशाना भागात पहिल्याच वाक्यात चार नवी वर्षे दिली आहेत. राजे आणि सण मोजायला निसानची 1, जनावरांच्या दशमांशाला एलूलची 1, वर्षे आणि भाजीपाल्याला तिश्रीची 1. झाडांसाठी शम्मायच्या घराण्याने शेवातची 1 सांगितली, हिल्लेलच्या घराण्याने 15. निकाल हिल्लेलच्या बाजूने लागला. मुळात हा उत्सव नव्हे, हिशेबाची तारीख आहे. आपल्या भाषेत झाडांचा 31 मार्च.

आता 15 च का? इस्राएलमध्ये पाऊस साधारण ऑक्टोबरनंतर सुरू होतो. शेवातच्या मध्यापर्यंत वर्षाचा बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो. तोवर झाड मागच्या वर्षीच्या पाण्यावर जगते, त्यानंतर धरलेले फळ नव्या पाण्यावर. म्हणून फळ कोणत्या वर्षाचे हे ते कधी तोडले यावरून ठरत नाही, ते कोणत्या वर्षाच्या पाण्यावर धरले यावरून ठरते. (भाजीचे उलट, ती तोडल्या दिवसाची. आणि एत्रोग हे लिंबूवर्गीय फळ झाडावर येत असूनही दशमांशाच्या बाबतीत भाजीसारखा वागतो, कारण त्याला बारमाही पाणी द्यावे लागते.)

माझ्या मते अर्ध्या तासातली दहा मिनिटे यावर द्या. त्या दिवशी बाहेर पाहिले तर बदाम सोडून बहुतेक पानगळीची झाडे उघडीबोडकी असतात. नवे वर्ष काही दिसायला लागल्यावर जाहीर केलेले नाही, आत रस चढायला लागला तेव्हा जाहीर केले आहे.

दुसरे. 'माणूस म्हणजे शेतातले झाड' हे वचन कोणीतरी म्हणणारच. तोराचे पाचवे पुस्तक, अनुवाद 20:19. पण ते अर्धे वाक्य आहे. प्रसंग वेढ्याचा आहे. एखाद्या नगराला वेढा घातलास तर त्याच्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नकोस, त्यांचे फळ तू खाशील, अशी आज्ञा आहे, आणि त्यातच हे शब्द येतात. मूळ हिब्रूत प्रश्नचिन्ह नाही. राशी हा मध्ययुगीन भाष्यकार ते प्रश्न म्हणून वाचतो: शेतातले झाड काय माणूस आहे, की तुझ्यासमोरून पळून वेढ्यात जाऊन बसेल? म्हणजे झाड माणसासारखे *नाही*. ते पळू शकत नाही, लढू शकत नाही, म्हणून त्याला हात लावू नकोस. दुसरे जुने वाचन सांगते की माणसाचे जगणे झाडावर आहे. दोन्ही वाचने समोर ठेवा आणि लोकांना भांडू द्या. गुळगुळीत उपमेपेक्षा ते भांडण बरे.

हाच नियम पुढे 'बाल तश्खीत', उगाच नासधूस नको, असा पसरला. पण त्याला आकडाही आहे, हे सांगायला विसरू नका. तल्मूदच्या बाबा कामा भागात म्हटले आहे की खजुराचे झाड एक काव (जुने माप) फळ देत असेल तर तोडायचे नाही. ऑलिव्हला पाव काव पुरतो, कारण त्याचे मोल जास्त. लाकडाची किंमत फळापेक्षा जास्त असेल किंवा झाड दुसऱ्या झाडाला मारत असेल तर तोडायला मुभा आहे. म्हणजे 'एकही झाड तोडू नका' असे तोरा म्हणत नाही. आधी हिशेब कर, मग कुऱ्हाड उचल, असे म्हणते.

---

हुंडी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्याला ओर्ला, म्हणजे नव्या झाडाच्या पहिल्या तीन वर्षांच्या फळाची मनाई, जोडा. झाडाकडून थांबायला शिकायचे असेल तर याहून नेमके काही नाही, आणि कोकणातल्या माणसाला ते पटकन कळते.

लेवीय 19:23-25. लावल्यापासून तीन वर्षे फळ खायचे नाही, चौथ्या वर्षाचे पवित्र, पाचव्यापासून खायला मोकळे. हा नियम इस्राएलबाहेरही लागू आहे. फरक एवढाच की तिथे शंका आली तरी फळ वर्ज्य, बाहेर नक्की माहीत असेल तरच वर्ज्य. म्हणून मंडईतली डाळिंबे खुशाल खा, पण आपल्याच अंगणातल्या झाडाची लागवडीची तारीख लिहून ठेवा.

मोजणी अशी:

लागवड रोश हशानाच्या (तिश्रीच्या 1 तारखेच्या, यहुदी नववर्षाच्या) निदान 44 दिवस आधी झाली असेल (मूळ धरायला दोन आठवडे आणि वर 30 दिवस), तर रोश हशानाला पहिले वर्ष पूर्ण धरतात. ती सीमा आव महिन्याच्या 15 तारखेला येते. 2026 मध्ये ती 29 जुलै आहे.

समजा हापूसचे कलम 10 जुलै 2026 ला लावले. 12 सप्टेंबर 2026 च्या रोश हशानाला, म्हणजे दोन महिन्यांत, पहिले वर्ष संपले. यहुदी वर्ष 5787 दुसरे, 5788 तिसरे. 21 सप्टेंबर 2028 ला चौथे लागते. पण इथेच तू बिश्वात मध्ये येतो: चौथे वर्ष लागले तरी 31 जानेवारी 2029 च्या तू बिश्वातपूर्वी धरलेले फळ ओर्लाच.

तेच कलम 5 ऑगस्ट 2026 ला लावले तर ते उरलेले पाच आठवडे मोजणीत धरत नाहीत, पूर्ण तीन वर्षे 12 सप्टेंबरपासून सुरू. आठवडाभराच्या उशिरापायी बहुतेक एक हंगाम जातो. (या दुसऱ्या प्रकारात शेवटी तू बिश्वातपर्यंत थांबायचे की रोश हशानाला सुटले, यावर मतभेद आहे. हजानांना, म्हणजे सिनेगॉगमधल्या प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा.)

आता गंमत बघा. कोकणात हापूसचा मोहोर थंडीत येतो आणि फळधारणा जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे तू बिश्वात अगदी मोहोराच्या मधोमध पडतो. एकाच झाडावर आधीच्या मोहोराला वाटाण्याएवढे फळ धरलेले असते आणि शेजारच्या फांदीवर नुसता तुरा. चौथ्या वर्षी वाटाणा झालेला तो ओर्ला, तुरा पुढच्या खात्यात. एप्रिल-मेमध्ये दोन्ही आंबे सारखेच दिसतात, तेव्हा आठवून उपयोग नाही. तू बिश्वातच्या आदल्या दिवशी झाडाखाली उभे राहून धरलेल्या घोसांना रंगीत सुतळी बांधायची, नाहीतर तो लवकरचा मोहोर सरळ कात्रीने काढून टाकायचा. ओरबाडायचा नाही, साल सोलते आणि तिथून रोग शिरतो.

पहिली तीन वर्षे तर मोहोर काढायचाच असतो. बागायतदारांना हे तोराने सांगावे लागत नाही. लहान कलमाला फळ धरू दिले की ताकद फळाला जाते आणि खोड-फांद्या खुरटतात. कलम दुसऱ्या वर्षीच मोहरते, म्हणून मोह होतो. कलम म्हणजे मोठ्या झाडाची काडी, तिला आपण लहान आहोत हे माहीतच नसते. मोहोर खरा असतो, झाड तयार नसते. वयाने लहान आणि अकलेने मोठ्या पोरांच्या आईबापांना हे वाक्य ऐकवा.

---

शंकेखोर

हुंडी, तीन शंका.

1. रोपवाटिकेतून दोन वर्षांचे कलम आणले तर ती दोन वर्षे धरायची का?
2. चिकूचे कलम खिरणीवर बांधतात. 'आपापल्या जातीप्रमाणे' या आज्ञेचे काय?
3. पपई आणि केळ?

---

हुंडी

1. पिशवीला खाली भोके असतील आणि ती थेट जमिनीवर ठेवलेली असेल, तर ती जमिनीशी जोडलेली मानतात. लावताना मातीची हुंडी (मुळांभोवतीचा गोळा) न फुटता आली आणि तेवढ्या मातीवर झाड जगले असते, तर आधीचा काळ धरता येऊ शकतो. पण रोपवाटिकेत खाली बरेचदा प्लास्टिक अंथरलेले असते, आणि हुंडी निम्म्या वेळा पिशवी फाडतानाच फुटते. फुटली की मोजणी पहिल्यापासून. हुंडी शाबूत ठेवायची तर आदल्या दिवशी पाणी द्यायचे, लावायच्या वेळी पिशवी ओलसर हवी, चिंब नको. चिंब माती पिशवीसकट ढासळते, कोरडी भुगा होते. पिशवी वरून ओढायची नाही, आधी तळ कापायचा, मग बाजूने उभी चीर द्यायची. खात्री नसेल तर लावल्या दिवसापासून मोजा, सरळ हिशेब.

2. चांगली शंका. आंब्यावर आंबा बांधला तर प्रश्नच नाही, जात एकच. खिरणी आणि चिकू एकाच कुळातले, पण जाती वेगळ्या. असे कलम यहुद्याने बांधायचे नाही, बांधून घ्यायचे नाही. तयार झाड अंगणात ठेवावे का यावर वाद आहे. फळ खायला मात्र हरकत नाही. काही जण अशा फळावर शेहेखेयानू (नव्या फळासाठी आभाराची ब्राखा) म्हणत नाहीत. कारण फळ गोड असले तरी ज्या वाटेने ते आले त्या वाटेबद्दल आभार कसे मानायचे? तुमच्या अर्ध्या तासात हा प्रश्न टाका, मुले जागी होतील.

3. केळ हे झाडच नाही. लोंगर आला की खुंट संपला, पुढे मुनवे. म्हणून ओर्ला नाही आणि ब्राखा 'बोरे पेरी हाअदामा', जमिनीच्या फळाची. अननसालाही तीच. पपईवर मतभेद आहे. पोकळ खोड आणि पहिल्याच वर्षी फळ, म्हणून बरेच जण तिला झाड धरत नाहीत.

---

दोन_वाट्या_पोहे

ताटाबद्दल लिहिते.

आधी क्रम. झाडाच्या फळांवर एकच ब्राखा, 'बोरे पेरी हाएत्स', पण ती कोणत्या फळावर म्हणायची हे ठरलेले आहे. अनुवाद 8:8 मध्ये सात जिन्नस येतात आणि 'एरेत्स' (देश) हा शब्द दोनदा. पहिल्या 'एरेत्स'नंतर गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब. दुसऱ्यानंतर ऑलिव्ह आणि खजूर. शब्दाला जो जवळ तो आधी. म्हणून फळांत ऑलिव्ह, मग खजूर, द्राक्ष, अंजीर, डाळिंब. ऑलिव्हवर ब्राखा म्हणताना बाकीची फळे मनात धरायची.

नेहमी होणाऱ्या चुका: डाळिंब देखणे म्हणून त्याच्यापासून सुरुवात. केळ्यालाही हाएत्स. आणि वाळलेल्या जर्दाळूवर शेहेखेयानू. ती ब्राखा हंगामात पहिल्यांदा हाती आलेल्या फळाची आहे, वर्षभर डब्यात असलेल्याची नाही. जानेवारीत मुंबई-पुण्यात त्यासाठी बोर सोपे. ऑलिव्ह ते डाळिंब या पाच फळांपैकी मिळून ऑलिव्हएवढे, साधारण 27 ते 30 ग्रॅम, खाल्ले की शेवटी त्यांची वेगळी ब्राखा येते. ती बहुतेक ठिकाणी राहून जाते, कारण तोवर सगळे उठलेले असतात.

सेदेर (ठरलेल्या क्रमाने फळे आणि पेले घेण्याचा विधी) करायचा असेल तर ती पद्धत इस्राएलमधल्या सफेद गावच्या कबालावाल्यांच्या, म्हणजे यहुदी गूढवाद्यांच्या, परंपरेतून आली. तिचे 'पेरी एत्स हादार' हे छोटे पुस्तक 1728 मध्ये व्हेनिसला छापले गेले. तीस फळे, तीन गटांत: पूर्ण खायची, आत बी असलेली, बाहेर कवच असलेली. तीस जमवायच्या नादाला लागू नका, प्रत्येक गटाची तीन पुरतात. अंजीर, द्राक्ष, पेरू. खजूर, ऑलिव्ह, बोर. डाळिंब, बदाम, नारळ. कवच बाहेर, बी आत, किंवा दोन्ही नाही: माणसांचे प्रकार लोक आपोआप ओळखतात, समजावून सांगत बसू नये. चिंच कवचवाल्यांत छान बसते. तिच्यासारखी दिसणारी कॅरोबची शेंग मात्र उलटी, तिथे शेंग खायची आणि बी टाकायची.

वाइनचे चार पेले पांढऱ्यापासून लालपर्यंत. कोशेर (धर्मनियमांप्रमाणे चालणारी) वाइन मिळत नसेल तर बेने इस्राएलांची (आपल्या कोकणातल्या यहुद्यांची) नेहमीची वाट आहेच, मनुकांचे पाणी. एकाऐवजी दोन बरण्या लावा: सोनेरी बेदाणे एकीत, काळ्या मनुका दुसरीत. प्रत्येकी पाव किलोला पाऊण लिटर पाणी. मनुका मऊ, रसरशीत हव्यात. दाबल्यावर ओल न देणारी मनुका चालत नाही. रात्रभर भिजवून कुस्करायच्या, सुती फडक्यातून पिळून फ्रिजमध्ये. यात प्रत्येकाला घोट-घोट मिळेल. पूर्ण पेले भरायचे तर, पेला निदान 86 मिलिलिटरचा धरून, माणसे मोजून प्रमाण वाढवा. पहिला पेला नुसता सोनेरी, दुसऱ्यात पाव हिस्सा काळ्याचा, तिसऱ्यात निम्मा, चौथ्यात जवळजवळ सगळा काळा. गरम खोलीत बरणी दिवसापेक्षा जास्त ठेवली तर फसफसते. झाकण घट्ट असेल तर उडते.

मलिदा, तीस जणांना प्रसादापुरता: मध्यम पोहे 1 किलो, 2 नारळ, साखर 400 ग्रॅम, वेलदोडे 12-15, मीठ चिमूटभर, वर बदाम-पिस्ते-बेदाणे. पातळ पोह्यांचा लगदा होतो, जाड पोहे मधे कच्चे राहतात. पोहे चाळणीत घेऊन पाण्याखालून काढायचे, भिजत घालायचे नाहीत. दहा मिनिटांनी दाणा बोटात दाबला की मोडला पाहिजे, चिकटता कामा नये. साखर आधी खोबऱ्यात मुरवून घ्यायची. सरळ पोह्यांवर घातली तर पाणी सुटते. ओला नारळ चार-पाच तासांवर टिकत नाही, सकाळचा मलिदा रात्री ठेवू नका. भोवती पाच फळे, गुलाबाच्या पाकळ्या, सब्जाची काडी.

---

तळटीप

ताटाबद्दल उत्तम. पण एक आक्षेप. मलिद्याला ओढूनताणून झाडांचा धडा चिकटवू नका.

कोकणात हा दिवस झाडांच्या नावाने ओळखला जात नव्हता. आपल्याकडच्या सणांची जुनी नावेच बघा: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिर्ड्याचा सण. त्या यादीत हा दिवस 'एलियाहू हनबीचा उरूस', म्हणजे एलिया संदेष्ट्याचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातला नव्हे) खडकावर ज्या खुणा आहेत त्यांना एलियाहू हनबीचा टापा म्हणतात. रथाच्या आणि घोड्यांच्या खुणा अशी श्रद्धा. लोक तिथे नवस फेडायला जातात, मलिदा करतात. फळे त्यात आहेत, पण ताट नबीच्या नावाचे आहे.

---

दोन_वाट्या_पोहे

आक्षेप मान्य, अर्धा. ओढू नये हे खरे. पण मलिद्यात प्रत्येक जिन्नसावर वेगळी ब्राखा म्हणतात: झाडाचे फळ, जमिनीचे फळ, सुवासाची काडी. फळ कुठून आले याची नोंद घेतल्याशिवाय ते तोंडात जात नाही. हुंडी यांच्या सुतळीचेही तेच काम आहे. झाडांचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही, तो ताटात असतोच.

---

तळटीप

हे चालेल. मग क्रम असा ठेवा: उरूस आणि मलिदा आधी, आजीमंडळींकडून. सेदेर नंतर.

---

शंकेखोर

तल्मूदमधली होनीची गोष्ट कोणी घेतली नाही? त्याला भेटलेला कॅरोब लावणारा माणूस.

---

तळटीप

ती सगळ्यांना पाठ आहे म्हणून टाळली. सांगायचीच तर पूर्ण सांगा. तल्मूदचा तआनीत भाग, पान 23. तो माणूस होनीला म्हणतो, 'फळ यायला 70 वर्षे, मी कॅरोब असलेल्या जगात आलो, माझ्या पूर्वजांनी लावले, मी वंशजांसाठी लावतो' इथे लोक थांबतात. पुढे होनी 70 वर्षे झोपतो, उठतो, झाडाला फळ असते. तो अभ्यासगृहात जातो, तिथे त्याच्याच नावाचा दाखला देतात पण त्याला कोणी ओळखत नाही, आणि तो मरण मागतो. झाडाला 70 वर्षे थांबता येते, सोबतीशिवाय माणसाला नाही. (सत्तर हा गोष्टीतला आकडा. कॅरोबचे कलम काही वर्षांतच फळते.)

---

मुळंबा

सर्वांचे आभार. क्रम ठरला: उरूस व मलिदा, पाण्याचा हिशेब, ओर्ला, वेढ्यातले झाड, मग चार पेले. मुलांना शेवटी कुंडीत बी लावायला द्यावे म्हणतो.

---

हुंडी

शब्बाथला लावणी नाही! बीही नाही, कुंडीतही नाही, लावलेल्याला पाणीही नाही. रविवारी सकाळी करा. आणि इस्राएलमधल्या नातेवाइकांना सांगायचे असेल तर 5789 हे शमिता वर्ष (दर सातवे, जमिनीच्या विश्रांतीचे) आहे. त्यामुळे 2029 च्या तू बिश्वातला तिथे झाडे लावणार नाहीत. फळझाड लावायचे तर 7 ऑगस्ट 2028 पर्यंत.

---

दोन_वाट्या_पोहे

शब्बाथमुळे आणखी तीन कामे शुक्रवार दुपारपर्यंत उरकून ठेवा. मनुका पिळणे, नारळ खवणे, आणि अंजीर तपासणे.

वाळलेले अंजीर देठापासून डोळ्यापर्यंत उभे चिरायचे, बोटांनी उलटे करायचे आणि दिव्याकडे धरायचे. बिया गोल आणि पिवळट. लांबट काही दिसले, भुरकट धूळ दिसली किंवा डोळ्याजवळ काळे ठिपके दिसले, तर ते फळ बाद. खजूरही उभा चिरून बी काढून बघायचा, आत काळी भुकटी असेल तर टाकायचा. पुरंदरचे ताजे अंजीर मिळाले तर त्याला फळधारणेसाठी बारीक माशी आत शिरावी लागत नाही, पण उघडून बघायचे तेही. तीस जणांसाठी साठ अंजिरांना एका माणसाला तास लागतो. दोघांना बसवा, एकाचे डोळे पंचविसाव्या अंजिराला थकतात.

डाळिंब मात्र शुक्रवारी सोलून ठेवू नका, दाणे पाणी सोडतात. नुसते आडवे कापून ठेवा, ज्याने त्याने खाताना दाणे काढावेत.